नवसाच्या बोकडाचा फोटो

आमच्या नगरात माणूस गेला की पहिला फोन डॉक्टरला जातो, दुसरा पाहुण्यारावळ्यांना आणि तिसरा मला. फोटो पाहिजे असतो. चौकात लावायच्या फ्लेक्सला आणि दशक्रियेला हार घालून ठेवायला. मी विचारतो, तुमच्याकडे एखादा बरा फोटो आहे का, आणि पलीकडचा माणूस "बघून सांगतो" म्हणतो. म्हातारा सत्तर-ऐंशी वर्षं त्या घरात वावरलेला असतो. घरात चार मोबाईल असतात, त्यात नातवाचे झोपलेले, उठलेले, पुन्हा झोपलेले हजार फोटो असतात, आणि म्हाताऱ्याचा एक सापडत नाही.

मग कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीतला फोटो येतो. त्यात म्हातारा कडेला असतो, अर्धा कापलेला, डोळे मिटलेले, तोंडात जिलबी. मी जिलबी काढतो. डोळे उघडतो. गाल भरतो, डाग पुसतो, पडलेला दात बसवतो, टोपी सरळ करतो आणि शेवटी कोट घालतो. कोट माझ्या कॉम्प्युटरमध्ये एकच आहे, निळा, वर लाल टाय. जन्मभर धोतर-सदऱ्यात राहिलेल्या इतक्या लोकांना मी तो एकच कोट घातलाय की वर गेल्यावर त्यांना बँडवाले समजत असतील. घरच्यांना मात्र फोटो बघून भरून येतं. "अगदी जिवंत वाटतात हो," असं म्हणतात. जिवंत होते तेव्हा आला असतात तर फुकट काढून दिला असता, हे वाक्य मी दर वेळी तोंडातल्या तोंडात गिळतो.

त्यामुळे सावेडीतल्या एका बाईंनी फोन करून "तो जायच्या आधी त्याचे नीट फोटो काढून हवेत" असं सांगितलं, तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला अक्कल आली. मी विचारलं, "वय काय त्यांचं?" बाई म्हणाल्या, "चौदा." मी परत खुर्चीत बसलो. मग कळलं की लॅब्रॅडोर आहे.

गेलो. कुत्र्याला आंघोळ घालून खिडकीजवळच्या सोफ्यावर ठेवला होता. त्याच्या पोटात गाठ होती, डॉक्टरांनी महिनाभर सांगितला होता. बाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या, मी पोटावर पालथा पडलो आणि सकाळभर आम्ही तिघं त्या खोलीत होतो. नवरदेवाच्या मामाला एका जागी उभं करायला जेवढा त्रास होतो, त्याच्या पावपटही त्या कुत्र्यानं दिला नाही. अल्बम सुरेख झाला. त्याच घरातले आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले होते, तेव्हा त्यांच्यासाठी माझ्याकडे आधार कार्डावरचा फोटो आला होता. कोट मीच घातला होता. हे मी बाईंना बोलून दाखवलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "बाबा फोटोला कधी बसायचेच नाहीत हो." कुत्रा बसायचा, हे खरं होतं.

बाईंनी ते फोटो सगळीकडे पाठवले आणि माझा नवा धंदा सुरू झाला. म्हातारी कुत्री, आंधळं झालेलं पामेरियन, मूत्रपिंड गेलेलं मांजर. भिंगारचे एक निवृत्त सुभेदार आपल्या सोळा वर्षांच्या मांजरीबरोबर फोटोला बसले ते गणवेश घालून, पदकांसकट. मांजरीनं एक पदक चावून बघितलं आणि झोपली. मी शिकत गेलो. फ्लॅश मारायचा नाही. घाई करायची नाही. मालकाचा हात फोटोत येऊ द्यायचा. आणि मालकाला आधीच दम द्यायचा की रडायचं ते नंतर, कारण तुम्ही रडलात की जनावर उठून तुमच्याकडे येतं आणि फोटो हलतो. हे शेवटचं सांगताना माझा आवाज चढतो अशी तक्रार आहे. चढतो. लोकांना रडू आवरत नाही त्याचं मला काही नाही, पण प्रकाश थांबत नाही.

माझ्या बायकोला यातलं काहीच पसंत नव्हतं. "आधी मेलेल्यांचे काढत होता ते परवडलं," ती म्हणायची, "आता तुम्ही कॅमेरा घेऊन कुणाच्या दारात गेलात की शेजारीपाजारी विचारतात, कोण आजारी आहे?" तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधले एक काका, ज्यांची बायपास झाली आहे, ते मी जिन्यात दिसलो की भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.

आणि अशात एके दिवशी दुपारी एक म्हातारी जिना चढून स्टुडिओत आली. नऊवारी लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात जनावरांच्या औषधाच्या दुकानातली पिशवी. मागच्या साली तिच्या पुतण्याच्या लग्नाला मीच गेलो होतो, असं तिनं सांगितलं. मग ती माझ्या भिंतीवरचे कुत्र्यामांजरांचे फोटो एकेक करून बघत फिरली.

"हे समदे मेले का?"

"बहुतेक सगळे," मी म्हणालो.

"आन फोटू आदी काडले?"

"हो."

"मंग आमच्या बोकडाचा काडून द्या."

मला हसू आवरेना. "मावशी, बोकडाचा फोटो कशाला? मटणाच्या दुकानाला लावायचाय का?"

ती हसली नाही. खुर्ची सोडून खाली फरशीवर बसली, पाणी मागितलं, प्यायली आणि मग तिनं जे सांगितलं ते असं.

ती पाथर्डीच्या पुढची. नवरा-बायको दोघं उसतोडीला जायची. बारा वर्षांपूर्वी राहुरीकडच्या एका उसाच्या फडात सकाळी सकाळी तिच्या नवऱ्याला नाग चावला. ट्रॅक्टरवर टाकून दवाखान्यात नेताना तिनं गावच्या शिवेवरच्या देवीला नवस बोलला, ह्यांना वाचव, तुला बोकड देईन. नवरा वाचला. गावी आल्यावर त्यांनी एक करडू घेतलं, देवीच्या नावानं त्याचा डावा कान खाचला, म्हणजे हे जनावर देवीचं, विकायचं नाही आणि दुसऱ्या कशाला कापायचं नाही. पुढच्या जत्रेला द्यायचं ठरलं.

पुढच्या जत्रेला त्यांचा फड संपलाच नव्हता. त्याच्या पुढच्या जत्रेला बोकडाला ताप होता आणि आजारी जनावर देवीला चालत नाही. तिसऱ्या साली सासू गेली, सुतक. चौथ्या साली नवरा म्हणाला, लईच वाळलाय, देवीला असा हाडकुळा द्यायचा का? पाचव्या साली बोकड टम्म फुगला होता, तर नवराच जत्रेच्या दिवशी त्याला घेऊन मेहुण्याच्या गावाला निघून गेला.

"मंग कोरोना आला," म्हातारी म्हणाली. "दोन सालं देवीनंच दार लावून घेतलं. आता तिनंच दार लावल्यावं आमी काय करनार?"

"आणि त्यानंतर?"

"त्याच्यानंतर ह्ये सरळच म्हनायला लागले, पुडल्या साली."

बोकड मधल्या काळात नवऱ्याच्या ताटात जेवायला लागला होता. उसतोडीला ट्रकच्या टपावर बसून जायचा आणि फडावर कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, दारात निजायचा. आता त्याचे दात गेले होते आणि मागचे पाय उचलत नव्हते. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, वय झालंय, चार-आठ दिवस काढील. त्याच्यासाठीच गोळ्या आणायला ते नगरला आले होते. नवरा खाली रिक्षा स्टँडवर बसला होता, गुडघ्यांमुळे जिना चढत नव्हता.

"आता द्यायचा म्हनलं तरी देता येत न्हाई," ती म्हणाली. "म्हातारा, आजारी. आन हा आपल्या मरनानं मेला तर माजा शबूद तसाच ऱ्हातो. मंग ती ह्यांना मागंल, भाऊ."

हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, एसटीची वेळ सांगावी तसं. तिला फोटो हवा होता तो देवळासमोरचा. बोकड चार पायांवर उभा, गळ्यात हार, कपाळाला कुंकू. तो फोटो ती देवीच्या पायाशी ठेवणार होती. मी विचारलं, "असं चालतं का? पुजाऱ्याला विचारलंत?"

"पुजाऱ्याला काय इचारायचं? त्यो जेवायला बसलाय बारा वर्सांपून. मी तिलाच इचारीन. ती बी बाईच हाय."

बायकोला मी सांगितलं की सकाळी पाथर्डीच्या पुढं जायचंय, एका बोकडाचा फोटो काढायला. ती म्हणाली, "माझ्या भावाच्या वास्तुशांतीला तुम्हाला वेळ नव्हता." तिचंही बरोबर होतं. मी मोटरसायकल काढली.

वस्ती गावाबाहेर होती. बाजरी काढून झालेलं रान, दोन लिंबाची झाडं, पत्र्याचं घर. एका लिंबाखाली गोधडीवर बोकड पडला होता आणि त्याच्या शेजारी मांडी घालून म्हातारा दुधात कुस्करलेली भाकरी त्याला बोटानं भरवत होता. बोकड चांगलाच मोठा होता, काळा, हनुवटीला पांढरी दाढी, आणि डोळ्यात असा माज की फोटो त्यानं मागवलाय आणि मी उशिरा आलोय. वासाबद्दल मी काही लिहीत नाही. गोधडी म्हाताऱ्याची स्वतःची होती. म्हातारीनं ते मला दोनदा सांगितलं, एकदा तक्रार म्हणून आणि एकदा, मला वाटतं, कौतुक म्हणून.

मी कॅमेरा बाहेर काढला तसं म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं. "तुमी निस्ता फोटूच काडनार ना?"

"मग दुसरं काय काढणार बाबा?"

"न्हाई, देवळाकडं न्यायचं म्हनती ही. तिथं नेल्यावं हिच्या मनात आलं काय, आन चारचौगांनी उचल खाल्ली..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मी त्याला सांगितलं की मी आहे तोवर कुणी काही करणार नाही. का सांगितलं कोण जाणे. माझ्या हातात कॅमेऱ्याची तिवई होती, तलवार नव्हे.

चारचौघं खरोखरच आले होते. या गावानं बारा वर्षं कंदुरीच्या जेवणाची वाट बघितली होती. नवसाचा बोकड म्हणजे गावजेवण, आणि दर जत्रेला ते पुढं गेलं होतं. आता ते सगळे वाटेकरी बोकडाच्या फोटोला जमले होते. "काय हो, कवा जेवू घालता?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "आता कुकरला बी शिजायचा न्हाई त्यो." सगळे हसले. म्हातारा हसला नाही, पण गोधडीचं एक टोक त्यानं हसणाऱ्याच्याच हातात दिलं. तीन टोकं बाकीच्यांनी धरली आणि बोकडाची स्वारी देवळाकडे निघाली. आधी म्हातारी, हातात हार आणि कुंकवाची डबी. मागं मी. रस्त्यात एक मोटरसायकलवाला थांबला, त्यानं गोधडीकडे बघून हात जोडले आणि मग आत कोण आहे ते दिसल्यावर घाईनं खाली घेतले.

देऊळ लहानसं, चुना दिलेलं, समोर फरशीचा ओटा. बोकडाला ओट्यावर उतरवला. तो उभा राहीना. दोघांनी धरून उभा केला की सोडल्यावर हळूच बसायचा. मी लोकांना मागे हटवलं, ओरडलो, पाला मागवला, भाकरी दाखवली. माझ्या ओरडण्यानं बोकडावर काही परिणाम झाला नाही, मी मात्र घामाघूम झालो. उन्हं वर चढायला लागली होती. म्हातारी सारखी म्हणत होती, "बसलेला नगं, भाऊ. बसलेला तिला चालायचा न्हाई."

शेवटी म्हातारा पुढं झाला. त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली, बोकडाच्या पाठीमागं फरशीवर सरळ आडवा झाला, आणि दोन्ही हात त्याच्या पोटाखालून घालून त्याला उचलून धरला. गुडघे चालत नव्हते म्हणून जिना न चढलेला माणूस. तिथूनच म्हणाला, "काडा आता. माजे हात दिसत्याल का?"

"दिसू द्या," मी म्हणालो. "नंतर पुसून टाकीन."

बोकड उभा राहिला. मान वर केली, दाढी वाऱ्यावर हलली, आणि गळ्यातला झेंडूचा हार त्यानं खायला सुरुवात केली. लोक हसले, म्हातारी "अरं अरं" करत पुढं आली, आणि मी बटण दाबत राहिलो. त्या हातांचं मी खोटं सांगत नाही, ते थरथरत होते आणि त्यानं एकदाही "झालं का" असं विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ नवरदेवांना नवरीचा हात धरायला लावलाय. असा धरलेला मला आठवत नाही.

बोकड तिसऱ्या दिवशी गेला. फोनवर म्हातारी एवढंच म्हणाली, "गेला. लिंबाखाली पुरला. ह्येंनी दोन दिस भाकरीला हात लावला न्हाई. फोटू लवकर करा."

मी बसलो कामाला. सगळ्यात चांगला फोटो निवडला, हार अजून तोंडात गेला नव्हता तो. पोटाखालचे हात पुसले. डोळ्यांतली घाण काढली. पाठीवरचे केस गेलेले चट्टे भरले. खुरांना थोडा काळेपणा दिला. कोट घातला नाही एवढंच. मोठा प्रिंट काढला, काच घातली, चौकट सागवानी रंगाची. काचेची चौकट एसटीत फुटेल म्हणून स्वतःच घेऊन गेलो. खरं सांगायचं तर मला त्यांचे चेहरे बघायचे होते. काम झकास झालं होतं आणि शाबासकी आवडत नाही असा फोटोग्राफर अजून जन्मायचाय.

वस्तीवर गेलो तर म्हातारा घराच्या दारात खाटेवर बसला होता आणि म्हातारी काठी घेऊन त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. बोकड गेल्यापासून, परत नाग निघेल म्हणून, तिनं त्याला रानात जाऊ दिलं नव्हतं, विहिरीवर जाऊ दिलं नव्हतं, लाकडाच्या ढिगाला हात लावू दिला नव्हता. म्हातारा म्हणाला, "मी लगवीला गेलो तरी ही काठी घिऊन म्हागं. लोक हसत्यात." म्हातारी म्हणाली, "हसू द्या."

मी कागद सोडला आणि चौकट खाटेवर उभी केली. दोघंही वाकली. म्हाताऱ्याच्या तोंडून "आगं आगं" एवढंच निघालं. म्हातारी मात्र बराच वेळ बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"ह्याचा कान कुटंय?"

मी बघितलं. दोन्ही कान होते. लांब, मऊ, अखंड. डाव्या कानाची खाच मी भरून टाकली होती. कधी भरली ते मला आठवेना. उजवा कान उचलून, उलटा करून डाव्या बाजूला बसवला असणार, तसाच मी म्हाताऱ्यांच्या फाटलेल्या पाळ्या बसवतो. तिनं स्टुडिओत फरशीवर बसून त्या खाचेची सगळी हकिगत मला सांगितली होती, मी ती ऐकली होती, आणि तरी माझ्या हातानं डाग दिसला तसा पुसला.

"देवी कशी वळखंल?" ती म्हणाली. "हा तिचा न्हाईच. हा कुनाचाबी बोकड हाय." ती मटकन खाली बसली, काठीसकट. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. एका बाईच्या नवऱ्याचा जीव तिच्या लेखी त्या बोटभर खाचेवर टांगलेला होता आणि मी ती सफाईदारपणे मिटवून काच घालून आणली होती.

"मावशी, माझी चूक झाली," मी घाईघाईनं म्हणालो. "मूळ फोटो आहे माझ्याकडे. पाच मिनिटांचं काम. आत्ता जातो आणि संध्याकाळपर्यंत कान कापून आणतो."

"न्हाई," म्हातारा म्हणाला.

तो अजून फोटोकडेच बघत होता. त्यानं काचेवर बोट ठेवलं होतं, डाव्या कानावर. "एकदा म्याच कापलाय. ह्या हातानं. तवा लई वरडला हुता, येवडुसं पिल्लू. परत न्हाई कापायचा."

"आवं, पर त्ये कॉम्प्युटरवं..."

"कॉम्प्युटरवं बी न्हाई."

ती त्याच्यावर ओरडली. चांगलीच ओरडली. तुमच्यासाठीच चाललंय ना समदं, मला काय बोकडाच्या फोटूची हौस हाय का, उद्या काय झालं तर मी कुनाच्या तोंडाकडं बगू, असं बरंच. म्हातारा ऐकून घेत होता. "ठावं हाय," म्हणत होता. पण बोट कानावरून काढत नव्हता. मी मध्ये पडलो नाही.

मग ती उठली. तिनं पदर खोचला, चौकट उचलली आणि देवळाकडे चालायला लागली. मी मागे गेलो, कारण चौकट जड होती, आणि तिनं ती मला उचलू दिली नाही. म्हातारा गुडघे धरत मागून येत होता. तो बाहेर ओट्याशी थांबला. बारा वर्षांत त्यानं त्या देवळात पाऊल टाकलं नव्हतं, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं. मी दाराशी उभा राहिलो.

तिनं चौकट देवीच्या पायाशी ठेवली नाही. देवीसमोर उभी धरली, आरसा धरतात तशी.

"बग," ती म्हणाली. "कान नगं शोदू. कान न्हाई त्याला." मग ती भडाभडा बोलायला लागली. "खोटं बोलले मी तुज्याशी. सासूचं सुतक खरं हुतं, बाकी समदं खोटं. ताप बी येवडा नव्हता. दर साली म्या बी मनात म्हनायची, ह्ये ह्याला कुटंतरी घिऊन जात्याल तर बरं हुईल. ह्येंचं नाव पुडं केलं, पर मला बी द्यायचा नव्हता. तू माजा मानूस परत दिला, तुजं उपकार. पर ह्यो तुला दिलेलाच नव्हता. फोटू तुला दावाया आनलाय, द्याया न्हाई. घरी न्हेनार हाय मी." "आता रागावनार असशील तर माज्यावं रागव. शबूद माजा हुता. न्ह्यायचंच असंल तर मला न्हे."

माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी तो उचलला नाही. मला रडू येत होतं आणि ते मी नंतरसाठी ठेवू शकलो नाही.

तेवढ्यात माझ्या मागे चपला काढल्याचा आवाज झाला. म्हातारा मला बाजूला सारून उंबऱ्याच्या आत आला, टोपी काढली, आणि बायकोकडे न बघता देवीला मोठ्यानं म्हणाला, "हिचं ऐकू नगंस. हिला काय कळत न्हाई."